सशाच्या डोळ्यात थेंब टाकण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. कारखान्यात ग्लायकॉल ईथर जातीचं एक नवं सॉल्व्हंट तयार होतंय, छपाईच्या शाईसाठी. युरोपातल्या ग्राहकाला वर्षाला दहा टनांहून जास्त माल हवाय आणि तिथल्या नोंदणीसाठी डोळ्याच्या दाहाचा अहवाल लागणार आहे. प्रयोगशाळेने ‘गाईडलाईन ४०५, तीन ससे’ असं कोटेशन पाठवलंय. मालक म्हणतात करून टाका. तुम्ही विचारताय की हे खरंच करावं लागतं का, सशांचं नेमकं काय होतं, आणि दुसरा रस्ता असेल तर तो युरोपात चालतो का.

मी पशुवैद्य आहे. पंचवीस वर्षं विषशास्त्राच्या प्रयोगशाळांत काढली, त्यातली बरीच सशांच्या डोळ्यांत बघण्यात. म्हणून आधी सरळ सांगते: त्या कोटेशनवर आत्ता सही करू नका. तुमच्या पदार्थाला बहुधा एकाही सशाची गरज पडणार नाही. आणि पडलीच, तर ती सगळ्यात शेवटी पडेल.

ही चाचणी आली कुठून ते कळलं की पुढचं समजायला सोपं जातं. १९३३ च्या सुमारास अमेरिकेत ‘लॅश ल्यूर’ नावाचा पापण्यांचा रंग बाजारात होता. त्यातल्या पॅराफिनिलिनडायअमाईनने बायकांच्या डोळ्यांना भयंकर इजा झाल्या, काहींची दृष्टी गेली. तो माल बाजारातून काढायला सरकारच्या हाती कायदाच नव्हता. १९३८ साली कायदा आला, आणि १९४४ मध्ये तिथल्या अन्न व औषध प्रशासनातल्या जॉन ड्रेझ आणि सहकाऱ्यांनी सशाच्या डोळ्यावर गुण देण्याची पद्धत छापली. ती ‘ड्रेझ टेस्ट’. १९८१ साली ओईसीडीने, म्हणजे चाचण्यांचे सामाईक नियम ठरवणाऱ्या देशांच्या आर्थिक सहकार्य संघटनेने, तिला गाईडलाईन ४०५ चा क्रमांक दिला. म्हणजे चाचणीमागची काळजी खरी होती. माणसाचा डोळा वाचवायचा होता.

आता सशाचं काय होतं ते. मऊ करून सांगत नाही, कारण सही तुमच्या कंपनीची असणार आहे.

न्यूझीलंड व्हाईट जातीचा पांढरा ससा घेतात. त्याच्या डोळ्यात रंगद्रव्य नसल्याने लाली आणि आयरिसमधल्या, म्हणजे बाहुलीभोवतीच्या कड्यातल्या, रक्तवाहिन्या स्वच्छ दिसतात. आदल्या चोवीस तासांत दोन्ही डोळे तपासून घ्यायचे, आधीच ओरखडा असेल तर तो ससा बाद. चाचणीच्या दिवशी खालची पापणी हलकेच पुढे ओढली की एक छोटी झोळी तयार होते. त्या झोळीत ०.१ मिलिलिटर पदार्थ सोडायचा, घन असेल तर जास्तीत जास्त १०० मिलिग्रॅम, आणि पापण्या सेकंदभर मिटून धरायच्या. दुसरा डोळा तसाच ठेवायचा, तुलनेसाठी. मग १ तास, २४, ४८ आणि ७२ तासांनी तपासणी, आणि काही उरलं असेल तर २१ दिवसांपर्यंत.

गुण असे: कॉर्नियाच्या, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक काचेच्या, गढूळपणाला ० ते ४, आयरिसला ० ते २, लालीला ० ते ३, सुजेला ० ते ४. कागदावर हे आकडे कोरडे दिसतात. प्रत्यक्षात हातात स्लिट लॅम्प, म्हणजे उजेडाची अरुंद पट्टी टाकणारा दिवा, धरून तुम्ही त्या काचेतून आरपार बघता. आयरिसच्या रेषा स्पष्ट दिसतात पण वर कुठेतरी विरळ धुकं आहे, तर १. रेषा जरा पुसट झाल्या, तर २. शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखी चकाकती पांढरट झाक आली, रेषा दिसेनाशा झाल्या आणि बाहुलीचा फक्त आकार कसाबसा कळतोय, तर ३. काहीच दिसत नाही, तर ४. मग फ्लुरोसिन या चमकणाऱ्या रंगाचा थेंब टाकून निळ्या उजेडात बघायचं. जिथे वरचा थर सोलला गेलाय तिथे हिरवा डाग चमकतो. काठ तुटका, नकाशावरच्या बेटासारखा. दुसऱ्या दिवशी ते बेट लहान झालं की डोळा बरा होतोय. मोठं झालं, किंवा कडेकडून बारीक रक्तवाहिन्या आत शिरू लागल्या, की तो डोळा पूर्ववत होणं कठीण.

‘ससे आंधळे होतात का’ याचं उत्तर त्यामुळे पदार्थावर आहे. सौम्य पदार्थाने दोन दिवस लाली राहते आणि जाते. तीव्र पदार्थाने त्या डोळ्याची दृष्टी जाऊ शकते. कॉर्नियाला भोक पडलं, डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात रक्त उतरलं, किंवा चार गुणांचा गढूळपणा ४८ तास टिकला, तर एकवीस दिवस पूर्ण करायचे नसतात. त्या प्राण्याला वेदनारहित मरण द्यायचं, असं गाईडलाईनच सांगते.

वेदनेबद्दल एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. अनेक दशकं ही चाचणी भूल न देता होत आली. भुलीने निकाल बिघडेल अशी भीती होती. २०१२ च्या सुधारणेपासून गाईडलाईनमध्ये वेदनाशमन नेहमीचा भाग झालं. थेंबाच्या तासभर आधी ब्युप्रेनॉर्फिन, पाच मिनिटं आधी दोन्ही डोळ्यांत बधिर करणारे थेंब, आठ तासांनी पुन्हा ब्युप्रेनॉर्फिन आणि सोबत मेलॉक्सिकॅम, आणि पुढे गरजेप्रमाणे. शिवाय तिन्ही ससे एकदम नाहीत. आधी एक. त्याला गंभीर इजा झाली तर तिथेच थांबायचं. नाही झाली तर खात्रीसाठी जास्तीत जास्त आणखी दोन. तुमच्या कोटेशनात या वेदनाशमनाचा उल्लेख नसेल, किंवा ‘तीन ससे’ एकाच ओळीत लिहून मोकळे झाले असतील, तर त्या प्रयोगशाळेला पुढचा फोन करू नका. हे मी विचार करून लिहितेय.

मी नोकरीला लागले तेव्हाची गोष्ट. प्रयोगशाळेचं नाव सांगत नाही, आणि ती आता तशी राहिलीही नाही. एका कारखान्यातून बाटली आली, चिठ्ठीवर फक्त ‘अमाईन, द्रव’. प्रोटोकॉल छापील होता, आम्ही भरला. तासाभराने पिंजऱ्यापाशी गेले तर सशाचा कॉर्निया उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्यासारखा झाला होता. तो कोपऱ्यात पाठ लावून बसला होता, कान मागे, दात कराकरा वाजवत. ससा दुखताना असाच दात चावतो, ओरडत नाही. मी बाटलीतला थेंब पीएच कागदावर टाकला. कागद गडद निळा, बाराच्या वर. गाईडलाईन तेव्हाही सांगत होती की अति आम्ल आणि अति अल्कली पदार्थ डोळ्यात टाकू नका, त्यांचं उत्तर ठरलेलंच असतं. आज हा नियम आकड्यांत आहे: पीएच २ किंवा कमी, अथवा ११.५ किंवा जास्त, आणि सोबत तो पीएच टिकवून धरण्याची ताकद, म्हणजे पदार्थ डोळ्याला घातक समजायचा आणि प्राण्याला हात लावायचा नाही. कागदाच्या एका पट्टीने वाचला असता तो ससा. त्यानंतर माझ्या टेबलावर आलेल्या प्रत्येक बाटलीचा पीएच मी आधी स्वतः बघते.

अल्कली इतका वाईट का, हेही सांगते. आम्लाने कॉर्नियातली प्रथिनं गोठतात आणि तो गोठलेला थरच पुढचं आत जाणं थोडं अडवतो. अल्कली पेशींच्या स्निग्ध आवरणाचा साबण करतो आणि आत शिरतच राहतो. तंबाखूच्या चुन्याची पुडी फुटून लहान मुलाच्या डोळ्यात जाते तेव्हा तेच होतं. नेत्रविभागात काम केलेल्या कुणालाही विचारा.

तुमच्या सॉल्व्हंटचा पीएच उदासीन असणार, त्यामुळे हा दरवाजा तुमच्यासाठी नाही. पण त्याच क्रमाने पुढे जायचं. पहिली पायरी टेबलावरची. ग्लायकॉल ईथर काही अनोळखी कुटुंब नाही. २-ब्युटॉक्सीइथेनॉल युरोपच्या यादीत डोळ्याला दाहक, वर्ग २. डायइथिलिन ग्लायकॉल मोनोब्युटिल ईथर, तोही वर्ग २. पण साखळीत आणखी एक दुवा वाढवून ट्रायइथिलिन झालं की तो थेट वर्ग १, गंभीर इजा करणारा. म्हणजे भावंडं बघून अंदाज बांधता येतो, निकाल लावता येत नाही. तुमचा रेणू या भावंडांच्या मध्ये बसतो की टोकाला, हे रसायनशास्त्रज्ञाकडून लिहून घ्या. आणि युरोपातल्या तुमच्या प्रतिनिधीमार्फत रसायन संस्थेकडे चौकशी टाका. तोच पदार्थ आधी कुणी नोंदवला असेल तर पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांवरची चाचणी पुन्हा करायला कायदाच मनाई करतो, माहिती वाटून घ्यावी लागते. ‘नवं’ म्हणून आलेला पदार्थ कुणीतरी दहा वर्षांपूर्वीच नोंदवलेला होता, असं माझ्यासमोर घडलंय.

दुसरी पायरी काचेतली. युरोपच्या रीच कायद्यात, म्हणजे रसायनांच्या नोंदणीच्या कायद्यात, प्राण्यावरची चाचणी हा शेवटचा उपाय आहे, आणि २०१६ च्या दुरुस्तीपासून दहा टनांच्या टप्प्यावरही डोळ्यासाठी आधी प्राण्याविना चाचण्या करायच्या असतात. त्या अपुऱ्या ठरल्या तरच ससा. तेव्हा ‘चालतं का’ हा प्रश्न उलटा करा. काचेतलं काम न करता थेट सशाचा अहवाल पाठवलात, तर तिथून विचारणा होईल की हे का केलं.

या चाचण्या कशा असतात? एक आहे गाईडलाईन ४३७, बैल-गाईच्या कॉर्नियावरची. कत्तलखान्यात खाण्यासाठी मारलेल्या जनावराचे डोळे थंड क्षारद्रावणात आणायचे, कॉर्निया कापून साच्यात बसवायचा, ३२ अंशांवर ठेवायचा. द्रव असेल तर ७५० मायक्रोलिटर, दहा मिनिटं, मग धुवायचं आणि दोन तास थांबायचं. कॉर्निया किती गढूळ झाला हे यंत्र मोजतं. त्यानंतर फ्लुरोसिन घालून ते किती आरपार झिरपलं तेही मोजतं. दोन्ही मिळून एक आकडा निघतो. ५५ च्या वर, तर वर्ग १. ३ किंवा कमी, तर वर्गीकरणच नको. महाराष्ट्रात २०१५ पासून बैलांच्या कत्तलीवरही बंदी आहे, त्यामुळे ताजे डोळे इथे मिळणं मुश्कील, काम दुसऱ्या राज्यातल्या किंवा परदेशातल्या प्रयोगशाळेला द्यावं लागतं. कोंबडीच्या डोळ्यावरची ४३८ हा एक पर्याय. तिथे ३० मायक्रोलिटर, फक्त दहा सेकंद, आणि मग चार तास निरीक्षण.

दुसरी जात आहे ४९२. माणसाच्या पेशींपासून वाढवलेली, कॉर्नियाच्या वरच्या थरासारखी ऊती. द्रव ३० मिनिटं ठेवायचा, धुवायचा, आणि किती पेशी जिवंत राहिल्या हे एमटीटी रंगाने मोजायचं. एपिऑक्युलर प्रकारात ६० टक्क्यांहून जास्त जिवंत, तर पदार्थ निर्धोक. ही ऊती परदेशातून थंड डब्यात विमानाने येते, तिचं आयुष्य दिवसांत मोजायचं. कस्टम्समध्ये शनिवार-रविवार अडकलेला डबा मी सोमवारी कचऱ्यात टाकलाय. वेळापत्रक आखताना हे लक्षात घ्या.

आता तुमच्या पदार्थाची खरी अडचण. कॉर्नियाची चाचणी दोन टोकं ओळखते, फार घातक आणि निर्धोक. ४९२ तर फक्त निर्धोक पदार्थ वेगळे काढते. तुमची भावंडं मात्र बरीचशी मधली आहेत, वर्ग २. कॉर्नियाच्या चाचणीत आकडा ३ आणि ५५ च्या मध्ये आला, तर ती एकटी काहीच सांगत नाही. शिवाय अल्कोहोल आणि कीटोन जातीच्या पदार्थांना ती गरजेपेक्षा जास्त घातक ठरवते, आणि तुमच्या रेणूच्या शेपटीला अल्कोहोलच आहे. याच मधल्या पट्ट्यामुळे वर्षानुवर्षं ससा कपाटातून बाहेर येत राहिला. ‘काचेतलं काम स्पष्ट नाही’ असं वाक्य लिहायचं आणि ४०५ करायची.

तो पट्टा आता भरत आलाय. २०२२ मध्ये ओईसीडीने गाईडलाईन ४६७ आणली. तिच्यात एका चाचणीच्या जागी ठरलेली जोडणी आहे: पदार्थाचे भौतिक गुण, माणसाच्या ऊतीची चाचणी, कॉर्नियाची चाचणी, आणि त्यांचे निकाल कसे एकत्र वाचायचे याचा बांधलेला नियम. साबणासारख्या पृष्ठक्रियाशील नसलेल्या द्रवांसाठी ती तिन्ही उत्तरं देते, वर्ग १, वर्ग २ आणि काहीच नको. त्याच वर्षी ४९२ब आली. तिच्यात ऊती किती वेळात मरते हे बघून तिन्ही वर्ग ठरवतात. तुमचं सॉल्व्हंट शुद्ध द्रव आहे, पृष्ठक्रियाशील नाही. या दोन्हींसाठी ते अगदी योग्य. माझा कल ४६७ कडे आहे, कारण पाण्यातली विद्राव्यता, बाष्पदाब, पृष्ठताण हे आकडे तुम्हाला नोंदणीसाठी तसेही काढायचेच आहेत.

तुमचे मालक म्हणतील, ‘ससा म्हणजे खात्रीचं काम, हे काचेतलं कुणी मानेल का?’ मग ही खात्री किती ते त्यांना सांगा. २०१६ मध्ये रीचच्या उपलब्ध नोंदी चाळून एक विश्लेषण झालं. ज्या ४९१ पदार्थांची ड्रेझ चाचणी दोनदा किंवा जास्त वेळा झाली होती, त्यांचे निकाल एकमेकांशी ताडले. एकदा वर्ग १ आला तर पुन्हा तोच येण्याची शक्यता सुमारे ७३ टक्के. आणि मधला, म्हणजे २अ, आला तर पुन्हा तोच येण्याची शक्यता जेमतेम ३३ टक्के. म्हणजे नेमक्या तुमच्या पट्ट्यात ससा स्वतःशीच सहमत होत नाही. मला याचं नवल वाटलं नाही. गुण देणारी मीच होते. रेषा ‘जरा पुसट’ की ‘स्पष्ट’, हे सकाळी दहाला आणि संध्याकाळी सहाला एकाच डोळ्याबद्दल वेगळं वाटू शकतं. म्हणून आम्ही दोघींनी स्वतंत्र गुण द्यायची सवय लावून घेतली, तरीही मतभेद व्हायचे.

आणि ससा म्हणजे माणूसही नव्हे. त्याला तिसरी पापणी आहे. तो क्वचित पापणी लवतो, अश्रू कमी येतात, त्यामुळे पदार्थ धुऊन निघत नाही. त्याचा कॉर्निया आपल्यापेक्षा पातळ. ०.१ मिलिलिटर म्हणजे आपल्या डोळ्यात मावतं त्याच्या कितीतरी पट. काही बाबतींत तो आपल्याहून नाजूक, काही बाबतींत वेगळाच.

हे सगळं करूनही ससा लागलाच तर? समजा काचेतले निकाल परस्परविरोधी आले आणि दुसऱ्या एखाद्या देशाच्या नियामकाने लेखी मागणी केली. तर भारतात आधी संस्थेच्या प्राणी नीतिसमितीसमोर अर्ज जातो. तिच्यात प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय समितीने, म्हणजे पूर्वीच्या सीपीसीएसईएने आणि आताच्या सीसीएसईएने, नेमलेले बाहेरचे सदस्य असतात. तिथे ‘ग्राहकाने मागितलं’ हे कारण पुरत नाही. पर्याय का नाही, हे विचारतात, आणि विचारायलाच हवं. मी अशा बैठकांत दोन्ही बाजूंना बसलेय. एकदा समितीवरच्या एका शिक्षिकेने विचारलं, ‘हा ड्रम भरणाऱ्या माणसाला निकालाने काय वेगळं करायला सांगाल?’ अर्जदाराला उत्तर देता आलं नाही. अर्ज परत गेला. प्रयोगशाळा जीएलपी, म्हणजे ‘गुड लॅबोरेटरी प्रॅक्टिस’ या नियमांखाली, प्रमाणित असेल याचीही खात्री करा. २०११ पासून भारत ओईसीडीच्या परस्पर मान्यतेच्या करारात पूर्ण सहभागी आहे, त्यामुळे इथला जीएलपी अहवाल त्या देशांत पुन्हा करायला सांगत नाहीत. हे काचेतल्या चाचण्यांनाही तसंच लागू.

एक गैरसमज तुमच्या पत्रात डोकावला म्हणून लिहिते. २०१४ ची भारतातली बंदी सौंदर्यप्रसाधनांपुरती आहे. औद्योगिक रसायनांना ती लागू नाही. तेव्हा ‘कायद्यानेच बंद आहे’ असं मालकांना सांगू नका, ते पडताळतील आणि तुमचं बाकीचं बोलणंही कमी ऐकतील.

मालकांपुढे जाताना चार कागद न्या: पीएच आणि भौतिक गुणांचे आकडे, भावंडांच्या वर्गीकरणाची यादी, युरोपातल्या चौकशीचं उत्तर, आणि ४६७ साठी मागवलेलं नवं कोटेशन. जुनं कोटेशन परत पाठवताना दोन ओळींत कारण लिहा. मी ज्यांना ओळखते त्या प्रयोगशाळा असं पत्र वाचून नाराज होत नाहीत, सशांच्या खोलीत काम करणारी माणसं तर मुळीच नाही.

आणि निकालाची वाट न बघता एक काम आजच करा. माल तुमच्याकडे आत्ताही ड्रममध्ये भरला जातोय. त्या जागेपासून दहा सेकंदांच्या अंतरावर डोळे धुण्याचा फवारा आहे का, आणि तो सलग पंधरा मिनिटं कोमट पाणी देतो का, ते स्वतः पाय ठेवून चालवून बघा. मी पाहिलेल्या एका कारखान्यात फवारा होता, पण त्याच्यासमोर रिकाम्या पिंपांची चळत लावलेली होती. भावंडांवरून तुमचा पदार्थ निदान वर्ग २ धरून चला. भरणाऱ्यांना बंद बाजूंचे गॉगल द्या, आणि कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर धुताना ती काढायची, हे त्यांच्या भाषेत लिहून फवाऱ्याच्या वर चिकटवा.